२७० अक्षरांचा हेडर: एचएप्रॉक्सी पॅचिंगच्या नोंदी

प्रकल्प: दूध संकलन पोर्टलच्या पुढ्यातले प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक मागणी (रिक्वेस्ट) आधी घेऊन, तपासून मागच्या सर्व्हरकडे देणारी मशीनं. त्यांवर एचएप्रॉक्सी हा प्रोग्रॅम चालतो. काम: सीव्हीई-२०२१-४०३४६ (जाहीर सुरक्षा त्रुटीचा नोंदणी क्रमांक) साठी तातडीचं पॅचिंग, आणि त्यामागून जी शेपूट निघेल ती. ज्यांना फक्त पॅच कसा लावला एवढंच हवंय त्यांनी ९ आणि ११ तारीख वाचली तरी चालेल.

बुधवार, ८ सप्टेंबर २०२१

सकाळच्या मेलमध्ये सगळ्यात वर एचएप्रॉक्सी. जेफ्रॉग या कंपनीच्या ओरी होलँडर आणि ऑर पेलेस यांना सापडलेली त्रुटी काल, ७ तारखेला, जाहीर झाली. एचएप्रॉक्सीचे कर्ते विली तारो आणि मंडळींनी त्याच दिवशी दुरुस्त आवृत्त्याही सोडल्या: २.०.२५, २.२.१७, २.३.१४ आणि २.४.४. तीव्रता १० पैकी ८.६. २.० पासून पुढचं सगळं बाधित. १.८ मात्र नाही, कारण चूक ज्या भागात आहे तो, एचटीएक्स नावाचा अंतर्गत साचा, १.८ मध्ये नव्हताच.

प्रकार रिक्वेस्ट स्मगलिंगचा. प्रॉक्सीला एक रिक्वेस्ट दिसते, मागच्या सर्व्हरला दोन. दुसरी प्रॉक्सीच्या दृष्टीने पहिलीची बॉडी (आतला मजकूर) असते, त्यामुळे तिला एकही नियम लागत नाही.

हे वाचलं आणि चहा तसाच राहिला. आपल्याकडे ॲडमिनचे सगळे पत्ते बाहेरून येणाऱ्यांसाठी प्रॉक्सीवर बंद केलेले आहेत. दरपत्रक बदलणं, संस्थेचा बँक खाते क्रमांक बदलणं, फॅट-एसएनएफची (स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन पदार्थांची) हातनोंद, सगळं त्या पत्त्यांखाली. मागचं ॲप्लिकेशन बाहेरच्या एका व्हेंडरने काही वर्षांपूर्वी करून दिलेलं, आणि ते त्या पत्त्यांवर लॉगिन विचारतच नाही. "हे फक्त आतल्या नेटवर्कमधून येणार" असं त्यांच्या हँडओव्हरच्या कागदात चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे आपली सगळी सुरक्षा प्रॉक्सीतल्या एका ओळीवर उभी, आणि ही त्रुटी नेमकी तीच ओळ चुकवते.

काय काय चालू आहे त्याची यादी काढली. दर्शनी दोन प्रॉक्सी: उबुंटू २०.०४, डिस्ट्रोचंच (उबुंटूने बांधून दिलेलं) पॅकेज, २.०.१३. शीतकरण केंद्रांच्या लाइव्ह स्क्रीनसाठी वेगळं मशीन: स्वतः कंपाइल केलेलं २.२.१४. टेस्ट क्लस्टरमध्ये २.४ चा कंटेनर. आणि एसएमएसवाल्यांचं कॉलबॅक घेणारं एक जुनं मशीन, उबुंटू १८.०४, त्यावर १.८.८. ज्या मशीनला कुणी हात लावायला धजत नाही तेच यातून सुटलं. (म्हणून ते चांगलं आहे असं नाही.)

साहेबांशी बोललो. त्यांचं म्हणणं: उद्या दुपारी बिलांची फाइल बँकेकडे जाणार, परवा गणेश चतुर्थी, सणाला दूध उत्पादकाच्या खात्यात पैसे नाहीत असं झालं तर फोन त्यांना येणार, मला नाही. तोवर पॅकेजं हलवायची नाहीत. मान्य. पण कॉन्फिगमध्ये दोन ओळी घालून रीलोड करायला त्यांनी होकार दिला, आणि आज तेवढंच हवं होतं.

त्या दोन ओळी सूचनेतच दिल्या आहेत. हेडर म्हणजे रिक्वेस्टच्या माथ्यावरची नाव आणि मूल्य अशी ओळ, आणि कंटेंट-लेंग्थ हा हेडर बॉडी किती बाइटांची ते सांगतो. रिक्वेस्टमध्ये कंटेंट-लेंग्थ हेडर एकापेक्षा जास्त वेळा असेल तर नाकारा, आणि रिस्पॉन्समध्ये तसं असेल तरी नाकारा. आपल्या आवृत्तीत हे नियम डिफॉल्ट्स विभागात लिहिता येत नाहीत, प्रत्येक फ्रंटएंडमध्ये (बाहेरच्या जोडण्या घेणाऱ्या विभागात) वेगळे घालावे लागतात, बाकी सगळ्या नियमांच्या वर. सकाळचं संकलन साडेनऊपर्यंत आटोपतं, संध्याकाळचं पाचला सुरू होतं. बाराच्या सुमारास कॉन्फिग तपासणीच्या मोडमध्ये चालवून पाहिलं, "वैध आहे" आलं, सगळीकडे रीलोड.

डेव्हलपर मैत्रिणीने रास्त प्रश्न विचारला: गावोगावच्या संस्थांमध्ये दहा-दहा वर्षं जुनी संकलन यंत्रं आहेत, त्यातलं एखादं चुकून दोनदा हा हेडर पाठवत असेल तर आपण त्याचं दूध नाकारणार का? नाही. सारखीच किंमत दोनदा आली तर एचएप्रॉक्सी पार्सिंगमध्येच दुसरा हेडर गाळून टाकतो, नियमापर्यंत एकच पोचतो. वेगवेगळ्या किमती आल्या तर ती रिक्वेस्ट तशीही चुकीची ठरून परत जाते, आजही आणि कालही. नियमाच्या तावडीत सापडतो तो फक्त बनावट हेडर.

बनावट कसा, ते उद्या सकाळी लॅबमध्ये बघून लिहितो. नुसतं वाचून समाधान नाही.

गुरुवार, ९ सप्टेंबर

सकाळी लॅब. एका व्हर्च्युअल मशीनवर २.२.१४, कॉन्फिगमध्ये ॲडमिन-बंदीचा नियम आहे पण कालच्या दोन ओळी नाहीत. मागे पायथनचा छोटा सर्व्हर, जो येईल ती रिक्वेस्ट जशीच्या तशी छापतो आणि जोडणी उघडी ठेवतो. जोडणी उघडी राहणं महत्त्वाचं, कारण उरलेले बाइट त्याच जोडणीवर "पुढची रिक्वेस्ट" म्हणून वाचले जातात.

आता मूळ चूक. एचएप्रॉक्सी आलेली रिक्वेस्ट आपल्या अंतर्गत साच्यात, म्हणजे एचटीएक्समध्ये, उतरवून घेतो. प्रत्येक हेडरसाठी ३२ बिटांचा एक माहिती-आकडा असतो: ४ बिट प्रकाराला, २० बिट मूल्याच्या लांबीला, ८ बिट नावाच्या लांबीला. आठ बिटांत २५५ च्या वर आकडा मावत नाही. नाव त्याहून लांब आलं तर तपासणी हवी, ती नव्हती. त्यामुळे नावाच्या लांबीतला जास्तीचा भाग शेजारच्या वीस बिटांत सांडतो. संस्थेच्या रजिस्टरमध्ये लिटरच्या चौकटीत न मावलेला आकडा फॅटच्या चौकटीत घुसावा आणि हिशेब करणाऱ्याने तो फॅट म्हणूनच धरावा, तसं.

हल्ला करणारा नाव किती लांब ठेवतो? २७० अक्षरं. २७० म्हणजे २५६ अधिक १४. खालच्या आठ बिटांत उरतात १४, वरचा १ मूल्याच्या लांबीत जातो. आणि इंग्रजीत कंटेंट-लेंग्थ हे नाव हायफनसकट बरोबर १४ अक्षरांचं आहे. म्हणून हेडरचं नाव असं रचायचं: आधी कंटेंट-लेंग्थ, त्याला चिकटून एक शून्य, मग २७० भरेपर्यंत नुसते "ए". मूल्य रिकामं. पार्सिंगच्या वेळी हे कुठलंतरी अनोळखी लांबलचक नाव म्हणून निमूट पुढे जातं. पण एचटीएक्समधून वाचताना नाव १४ अक्षरांचं, मूल्य १ अक्षराचं, आणि ते एक अक्षर म्हणजे नावापाठोपाठचं शून्य. झाला हेडर तयार: कंटेंट-लेंग्थ शून्य.

त्याच रिक्वेस्टमध्ये खाली खरा कंटेंट-लेंग्थ असतो, समजा ६०. पार्सर त्या ६० वर विश्वास ठेवून पुढचे ६० बाइट बॉडी म्हणून घेतो. मागच्या सर्व्हरकडे मात्र शून्यवाला हेडर जातो. सर्व्हर म्हणतो, बॉडी नाही, रिक्वेस्ट संपली. मग ते ६० बाइट? ती त्याच्या लेखी नवी रिक्वेस्ट.

करून पाहिलं. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये एक ओळ, मुख्य पानावर पोस्ट. पायथनच्या पडद्यावर दोन: पोस्ट, आणि खाली ॲडमिनच्या पत्त्यावर गेट. थेट ॲडमिनचा पत्ता मागितला तर तोच प्रॉक्सी ४०३ (मनाई) देऊन हाकलतो.

मग एक "ए" काढून २६९ केलं. आता नावाला १३ अक्षरं उरली, शेवटचा "एच" तुटून मूल्यात गेला. मागे पोचला तो एक निरर्थक हेडर, ज्याची किंमत "एच". खरा ६० शाबूत राहिला, रिक्वेस्ट एकच. २७१ केलं तर नावाला शून्य चिकटलं आणि मूल्यात "ए" आला, पुन्हा निरुपद्रवी. नेम एका अक्षराचा आहे. बिटांचं गणित कागदावर कितीही वाचलं तरी तो तुटलेला "एच" पडद्यावर दिसल्यावर जे डोक्यात बसतं ते वेगळंच.

कालच्या दोन ओळी घातल्या, पुन्हा २७०. ४०३, आणि लॉगमध्ये समाप्तीचा कोड "पीआर", म्हणजे प्रॉक्सीने रिक्वेस्टच्या टप्प्यातच तोडलं. नियम एचटीएक्स वाचतात, तिथे एव्हाना दोन कंटेंट-लेंग्थ दिसत असतात, म्हणून मोजणी लागू पडते. मग लॅबमध्ये २.२.१७ चढवून नियमाशिवाय पाठवलं: रिक्वेस्ट दारातच अडली, पायथनच्या पडद्यावर एक अक्षरही नाही.

पॅचचा कोड पाहिला. बदल इतका छोटा की मोबाइलच्या स्क्रीनवर मावतो. हेडर जोडणारं आणि ट्रेलर (बॉडीनंतर येणारा हेडर) जोडणारं, अशा दोन फंक्शनमध्ये एकच तपासणी: नाव २५५ च्या वर किंवा मूल्य १०,४८,५७५ च्या वर असेल तर घेऊ नका. आधी त्या जागी काय होतं? एक टिप्पणी, फिक्समी म्हणजे 'हे नंतर दुरुस्त करा' अशी खूण असलेली. "फिक्समी: नावाची लांबी २५६ बाइटांपेक्षा आणि मूल्याची १ एमबीपेक्षा कमी आहे का ते तपासा." लिहिणाऱ्याला पुरतं माहीत होतं, नेमके आकडेही माहीत होते. ती ओळ तशीच जगभर फिरली. आपल्या रेपोमध्ये (कोडच्या भांडारात) "फिक्समी" शोधून बघायचा मोह झाला, तूर्त आवरला. ते वेगळं तिकीट.

दुपारी पावणेतीनला बिलांची फाइल बँकेत पोचल्याचा मेल आला. तीन वाजता काम सुरू.

दर्शनी प्रॉक्सी क्र. १: कीपअलाइव्हडीचा (दोन मशीनमध्ये पत्ता फिरवणाऱ्या प्रोग्रॅमचा) व्हर्च्युअल आयपी क्र. २ कडे ढकलला, क्र. १ वर ट्रॅफिक थांबल्याची खात्री केली. ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज-साधनाने) याद्या ताज्या केल्या आणि फक्त एचएप्रॉक्सीचं पॅकेज वर नेलं. सणाच्या आदल्या दिवशी सरसकट अपग्रेड करण्याइतकं धाडस नाही. आवृत्ती विचारली तर अजूनही २.०.१३! आमच्यात नव्याने आलेला मुलगा दचकला, कारण त्याने सकाळीच २.०.२५ हवं असं वाचलं होतं. डिस्ट्रोवाले मूळ आवृत्ती तीच ठेवून दुरुस्ती मागे आणून लावतात, फक्त पॅकेजच्या शेपटीचा आकडा वाढतो. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये ४०३४६ हा क्रमांक लिहिलेला आहे तो त्याला दाखवला.

चेंजलॉगही शेवटी कागदच. शिवाय कमांडने आवृत्ती विचारली की ती डिस्कवरच्या फाइलची कळते, मेमरीत चालणाऱ्या प्रोसेसची नाही. म्हणून ॲडमिन सॉकेटवर "शो इन्फो" विचारलं, तिथलीही शेपूट नवी. मग लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) एक तात्पुरता फ्रंटएंड उघडला ज्यात कालच्या दोन ओळी नाहीत, मागे तोच पायथन सर्व्हर, आणि २७० वाला हेडर पाठवला. नियम लावलेल्या फ्रंटएंडवर चाचणी केली असती तर पॅच तपासलाय की नियम, हे कधीच कळलं नसतं. पायथन गप्प. तात्पुरता फ्रंटएंड काढला, रीलोड, आयपी परत. क्र. २ वर हेच. पावणेपाचला दोन्ही झाले, पाचला संध्याकाळचं संकलन सुरू झालं, पहिल्या संस्थेची नोंद व्यवस्थित उतरली.

टेस्ट क्लस्टर: इमेज (कंटेनरचा साचा) नव्याने ओढून पॉड (चालते कंटेनर) पुन्हा उभे केले. टॅग २.४ च होता आणि २.४ च राहिला. जुनी इमेज नोडवर पडून असते, तिला टॅग पुढे सरकल्याचं कळत नाही. यापुढे पूर्ण आवृत्ती लिहायची, २.४.४.

शनिवार, ११ सप्टेंबर

काल काही हलवलं नाही. म्हशीला चतुर्थीची सुट्टी नसते, त्यामुळे संकलन रोजच्यासारखंच. "पीआर" कोडच्या ओळींवर नजर ठेवली. थेट ॲडमिनचे पत्ते ठोकणारे नेहमीचे बॉट सोडले तर काही नाही.

आज स्क्रीनवालं मशीन. २.२.१७ चा सोर्स उतरवला, चेकसम जुळवला. जुन्या बायनरीला सविस्तर आवृत्ती विचारली की ती कुठल्या पर्यायांनी बांधली होती ते सगळं छापते. ते कॉपी करून त्याच पर्यायांनी मेक: ग्लिबसी टार्गेट, ओपनएसएसएल, पीसीआरई, झेडलिब, सिस्टमडी. यातलं सिस्टमडी गाळून चालत नाही. सर्व्हिस फाइल प्रोसेसकडून "मी तयार आहे" या निरोपाची वाट बघते, आणि तो आधार नसलेली बायनरी त्या मोडमध्ये उभीच राहत नाही. जुनी बायनरी तारीख लावून बाजूला ठेवली.

२.२.१४ वरून थेट १७ वर गेल्याने ऑगस्टमधला एचटीटीपी-२ चा सुरक्षा पॅचही आपोआप आला, तो २.२.१६ मध्ये होता आणि आपल्या यादीत "पुढच्या महिन्यात" म्हणून पडून होता. स्वतः कंपाइल करण्याची ही किंमत. डिस्ट्रोचं पॅकेज असतं तर तेव्हाच लागला असता. हे मशीनही पॅकेजवर न्यावं या मताचा मी आता झालोय, २.२ मधलं जे फीचर हवं म्हणून कंपाइल केलं होतं ते नव्या डिस्ट्रोच्या पॅकेजातही मिळतं.

रिस्टार्ट न करता रीलोड केलं, कारण शीतकरण केंद्रांच्या स्क्रीन दिवसभर वेबसॉकेटवर (सतत उघड्या जोडणीवर) जोडलेल्या असतात आणि टँकर भरताना स्क्रीन गेली की केंद्रावरचा ऑपरेटर पहिला फोन मला लावतो. रीलोडमध्ये मास्टर (मुख्य प्रोसेस) स्वतःला नव्या बायनरीने पुन्हा सुरू करतो आणि नवे वर्कर (जोडण्या हाताळणाऱ्या प्रोसेस) उभे करतो. लूपबॅकवरची चाचणी इथेही घेतली, पास.

सोमवार, १३ सप्टेंबर

आज गौरीपूजन, निम्मी टीम सुट्टीवर, मी घरूनच. मास्टर सॉकेटवर "शो प्रॉक" विचारलं. नवा वर्कर २.२.१७. आणि त्याच्याखाली, जुन्या वर्करांच्या मथळ्याखाली, शनिवारपासून तग धरून बसलेला २.२.१४.

हे अपेक्षित होतं, फक्त इतके दिवस नाही. रीलोडनंतर जुना वर्कर नव्या जोडण्या घेत नाही, हातातल्या संपल्या की मरतो. साध्या एचटीटीपी जोडण्या पुढच्याच उत्तराला बंद होतात. वेबसॉकेट मात्र बोगदा आहे. आपला टनेल टाइमआउट एक तासाचा, पण स्क्रीन दर अर्ध्या मिनिटाला पिंग पाठवते, म्हणजे तो तास कधी भरतच नाही. केंद्रावर कुणी ब्राउझर बंद करेपर्यंत हा वर्कर जगणार, आणि केंद्रावर ब्राउझर कुणीही बंद करत नाही.

धोका किती? माझ्या मते नगण्य. आधीच बोगदा झालेल्या जोडणीतून नवीन हेडर पार्स होत नाहीत, आणि नवा माणूस त्या वर्करपर्यंत पोचू शकत नाही. तरी बाधित बायनरी मेमरीत चालू ठेवून "पॅच झाला" म्हणून सही करायला मन घेत नाही. ग्लोबल विभागात हार्ड-स्टॉप-आफ्टर ३० मिनिटं घातलं. पुढच्या रीलोडपासून जुना वर्कर अर्ध्या तासात बळजबरीने बंद होईल. आजच्या जुन्या वर्करला मात्र नवी सेटिंग लागू नाही, तो आपल्या जुन्या कॉन्फिगवरच जगतोय. दुपारी दीडला, टँकर नसताना, त्याला टर्म (बंद हो) सिग्नल देऊन संपवला. स्क्रीन पाच-दहा सेकंदांत परत जोडल्या. फोन आला नाही.

मंगळवार, १४ सप्टेंबर

साहेबांचा प्रश्न: पॅच झाला ते ठीक, पण याआधी कुणी आत येऊन गेलं का?

प्रॉक्सीच्या लॉगमध्ये हेडरची नावं नसतात, त्यामुळे २७० अक्षरांचा हेडर तिथे शोधण्यात अर्थ नाही. पण स्मगल झालेली रिक्वेस्ट एक ठसा सोडते: ती ॲपच्या ॲक्सेस लॉगमध्ये असते आणि प्रॉक्सीच्या लॉगमध्ये नसते. शिवाय एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा (मूळ पाठवणाऱ्याचा आयपी सांगणारा) हेडर प्रॉक्सी पहिल्या रिक्वेस्टला जोडतो. दुसरी त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते, म्हणून तिला तो जोडला जात नाही. (हल्ला करणाऱ्याने स्वतःच लिहून पाठवला तर गोष्ट वेगळी, म्हणून ही चाळणी पहिली, एकमेव नाही.)

आधी ॲपच्या लॉगमधून अशा ओळी काढल्या ज्या प्रॉक्सीच्या आयपीवरून आल्या पण ज्यांत तो रकाना रिकामा. ढीग निघाला. नव्वद टक्क्यांच्या वर हेल्थ चेक (मागचा सर्व्हर जिवंत आहे का ते पाहणाऱ्या रिक्वेस्ट), ते प्रॉक्सी स्वतःच पाठवतो. ते वजा केले तर एकाच पत्त्यावरच्या ओळी उरल्या: कॉन्फिगमधल्या एका आडबाजूच्या फ्रंटएंडमध्ये फॉरवर्डफॉरचा (तो हेडर जोडण्याचा) पर्याय कधी लावलेलाच नव्हता. लावला. त्या ओळी प्रॉक्सीच्या लॉगशी वेळेनुसार जुळवल्या, सगळ्या जुळल्या.

मग दुसरी चाळणी, ॲडमिनच्या पत्त्यांवरच्या सगळ्या ओळी, रकाना भरलेला असो वा नसो. सगळ्या कार्यालयाच्या आयपीवरून, सगळ्यांना प्रॉक्सीच्या लॉगमध्ये जोडीदार. खाते क्रमांक बदललेल्या संस्थांची यादी डेटाबेसमधून काढून लेखा विभागाला दिली. त्यांनी प्रत्येकाचा अर्ज फाइलमध्ये असल्याचं कळवलं. संगणकाच्या लॉगपेक्षा मला त्या कागदांनी जास्त हायसं वाटलं.

प्रॉक्सीचे लॉग आपण ९० दिवस ठेवतो, म्हणजे हे उत्तर जूनच्या मध्यापासूनचं आहे. साहेबांना तसंच लिहून दिलं.

गुरुवार, १६ सप्टेंबर

ऑडिटवाल्यांच्या स्कॅनरचा अहवाल आला. दोन्ही दर्शनी प्रॉक्सी लाल रंगात: "२.०.१३ आढळली, २.०.२५ आवश्यक." स्कॅनर लॉगिन करून पॅकेजची आवृत्ती वाचतो आणि मूळ प्रकल्पाच्या आकड्याशी ताडतो, डिस्ट्रोने मागे आणून लावलेल्या दुरुस्त्या त्याच्या हिशेबात नाहीत. जुन्या १.८.८ वाल्या मशीनवर मात्र या त्रुटीसाठी हिरवं, जे बरोबर आहे.

उत्तरात चेंजलॉगमधली नोंद, सॉकेटवरचं "शो इन्फो" आणि लूपबॅक चाचणीचा आधी-नंतरचा लॉग जोडला. त्यांच्या माणसाचं फोनवर म्हणणं, "सर, तुम्ही मूळ २.०.२५ कंपाइल करून टाका ना, रिपोर्ट हिरवा होईल." नाही टाकणार. रिपोर्ट हिरवा होईल आणि पुढच्या पॅचच्या वेळी ही दोन मशीनही माझ्या हातच्या कंपाइलची वाट बघत बसतील. अपवाद म्हणून नोंद करून घ्यायला ते तयार झाले.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

विसर्जनानंतर सगळे परत. ॲपवाल्या व्हेंडरबरोबर कॉल. त्यांचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच: "पण आता प्रॉक्सी पॅच झालाय ना?" लॅबमधला पडदा शेअर करून पायथनवर उतरलेल्या दोन रिक्वेस्ट दाखवल्या. मग विचारलं, पुढची अशी त्रुटी प्रॉक्सीत निघेल की ॲप सर्व्हरमध्ये, हे आज कुणी सांगू शकतं का? रिक्वेस्ट कुठे संपते यावर दोन प्रोग्रॅमचं एकमत असेपर्यंतच दारावरचा नियम चालतो, आणि ते एकमत दोघांपैकी कुणीही मोडू शकतो.

दोन तास घासाघीस झाली. ठरलं ते असं: ॲडमिनच्या प्रत्येक पत्त्यावर ॲप स्वतः सेशन आणि भूमिका तपासणार, खाते क्रमांक बदलायला दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागणार, मंजूर होईपर्यंत बिल जुन्याच खात्यावर. पहिलं ते ऑक्टोबरच्या रिलीजमध्ये देणार. दुसऱ्यासाठी कोटेशन पाठवतो म्हणाले. आपल्या लेखा विभागाने मात्र त्याची वाट न बघता कागदावर दोन सह्यांची पद्धत आजपासूनच सुरू केली.

मंगळवार, २८ सप्टेंबर

तात्पुरत्या दोन ओळी काढायच्या की ठेवायच्या, यावर टीममध्ये मतं. नव्याने आलेल्या मुलाचं म्हणणं, पॅच लागलाय, कॉन्फिग स्वच्छ ठेवू. माझं म्हणणं, ठेवू. प्रामाणिक रिक्वेस्टला त्यांचा त्रास नाही हे लॅबमध्ये आणि वीस दिवसांच्या लॉगमध्ये दिसलं, आणि उद्या बॅकअपमधून जुनी बायनरी कुणी उठवली तर त्या तिथे असतील. ठेवल्या, वर टिप्पणीत सीव्हीई क्रमांक आणि आजची तारीख, म्हणजे पुढच्याला त्या कशासाठी आहेत ते विचारत फिरावं लागणार नाही.

लूपबॅक चाचणीची स्क्रिप्ट रेपोमध्ये टाकली. प्रॉक्सीचं पॅकेज वर गेलं की ती आपोआप चालेल: २६९, २७० आणि २७१, तिन्ही.

उरलेली तिकिटं: स्क्रीनवालं मशीन पॅकेजवर नेणं (माझ्याकडे), १८.०४ वालं मशीन बदलणं (कुणाकडेच नाही, साहेबांकडे पाठवलं), आणि रेपोमधला "फिक्समी"चा शोध. तो काल रात्री डेव्हलपर मैत्रिणीने लावला. यादी तिने ग्रुपवर टाकली आहे, पहिल्या सहामध्ये दोन दर-गणनेच्या फंक्शनमध्ये आहेत. त्यासाठी वेगळी नोंदवही उघडतोय.